‘अनाथ’ या शब्दाची व्याप्ती : मलावीतील खेडे आणि अनाथालयाची उभारणी

१. प्रश्नाचे स्वरूप

आग्नेय आफ्रिकेतील मलावी या देशात पावसाळा संपला की विटा पाडण्याचा हंगाम सुरू होतो. वारुळाची चिकण माती भिजवून, लाकडी साच्यात घालून पाडलेल्या विटा उन्हात वाळतात. मग त्यांचा आवा रचून पोटात लाकडे पेटवतात. अशा विटा, वर पन्हळी पत्रे आणि अंगणात एखादी विंधन विहीर, एवढ्या साहित्यावर खेड्यातील शाळा उभी राहते, दवाखाना उभा राहतो, आणि गेल्या तीन-चार दशकांत परदेशी देणगीच्या साहाय्याने अनेक ठिकाणी अनाथालयही उभे राहिले आहे.

बांधकाम म्हणून यात फारसे अवघड काही नाही. गावप्रमुखाने जागा द्यावी, ग्रामस्थांनी विटा, वाळू व श्रम पुरवावेत, देणगीदाराने सिमेंट, पत्रे आणि कारागिरांची मजुरी द्यावी, म्हणजे एकदोन हंगामांत वास्तू पुरी होते. खरी अडचण दारावरची पाटी लिहिताना जाणवते. चिचेवा भाषेत अशा वास्तूला ‘न्युम्बा योसुंगिरा आना आमासिये’ म्हणतात. म्हणजे ‘आमासिये’ मुलांना सांभाळण्याचे घर. या पाटीवर ‘अनाथ’ या अर्थी जो शब्द येतो, त्याचा अर्थ देणगीदाराच्या मनातील अर्थाशी पूर्णपणे जुळत नाही. हे अंतर केवळ कोशकाराच्या आस्थेचा विषय नव्हे. कोणते मूल स्वतःच्या घरी वाढेल आणि कोणते संस्थेत, हे पुष्कळ अंशी त्यावर ठरते. प्रस्तुत लेखात या अंतराचे स्वरूप व त्याचे परिणाम पाहावयाचे आहेत.

२. काही शब्दांची तुलना

मराठीतील ‘अनाथ’ हा शब्द व्युत्पत्तीने पाहता मृत्यूविषयी काहीच सांगत नाही. ज्याला नाथ, म्हणजे रक्षणकर्ता, नाही तो अनाथ. म्हणूनच महर्षी कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात सुरू केलेल्या आणि पुढे १९०० साली हिंगण्यास नेलेल्या संस्थेस ‘अनाथ बालिकाश्रम’ हे नाव शोभले. तेथील आश्रित मुख्यत्वे विधवा होत्या. त्यांपैकी कित्येकींचे आईवडील हयात असू शकत, तरी समाजाच्या दृष्टीने त्यांचा ‘नाथ’ गेलेला होता. ‘पोरका’ हा शब्द मात्र आईबापांच्या वियोगाशी अधिक निगडित आहे. इंग्रजी ‘ऑर्फन’ हा ग्रीक ‘ऑर्फनोस’वरून आलेला असून, संस्कृत ‘अर्भ’ व आपला ‘अर्भक’ हे त्याचे दूरचे आप्त मानले जातात.

आफ्रिकेतील बांटू भाषांकडे वळल्यास निराळी कल्पना आढळते. स्वाहिलीतील ‘यातिमा’ हा शब्द अरबीतून आलेला आहे. उर्दूतील ‘यतीम’ तोच. इस्लामी धर्मशास्त्रात त्याचा नेमका अर्थ वयात येण्यापूर्वी पिता गमावलेले मूल असा आहे; आई हयात असली तरी मूल यतीमच राहते. युगांडातील लुगांडा भाषेत ‘मुलेक्वा’ हा शब्द आहे. ‘कुलेका’ म्हणजे सोडणे, मागे ठेवणे. त्याच्या कर्मणी रूपापासून ‘मुलेक्वा’, म्हणजे ‘मागे ठेवला गेलेला’.

चिचेवातील ‘मासिये’ याच कल्पनेचा आहे. ‘कुसिया’ म्हणजे सोडून जाणे, मागे ठेवणे. ‘म्वाना वामासिये’ म्हणजे मृत्यूने मागे ठेवलेले मूल. अनेकवचनी ‘आना आमासिये’. येथील संबंधदर्शक अंश नामाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, हे बांटू भाषांचे सर्वपरिचित लक्षण होय. महत्त्वाची गोष्ट ही, की हे विशेषण मुलापुरते मर्यादित नाही. ‘म्काझी वामासिये’ म्हणजे विधवा, आणि ‘चुमा चामासिये’ म्हणजे मृताच्या मागे राहिलेली मालमत्ता. मूल, स्त्री आणि संपत्ती या तिन्हींना एकच विशेषण लागते, कारण तिघांच्याही बाबतीत एकच घटना घडलेली असते : कोणीतरी निघून गेले आणि हे मागे राहिले.

यावरून दोन अर्थकेंद्रे स्पष्ट होतात. ‘मासिये’ हा शब्द घडून गेलेली घटना सांगतो. ‘अनाथ’ हा शब्द वर्तमान अवस्था सांगतो. पहिल्याने मृत्यूची नोंद होते, दुसऱ्याने रक्षणाच्या अभावाची. ‘मासिये’ असलेले मूल ‘अनाथ’ असेलच असे नाही, आणि आईबाप जिवंत असलेले मूलही ‘अनाथ’ असू शकते.

३. नात्यांची परिभाषा

हा भेद कोरडा वाटू नये यासाठी खेड्यातील कुटुंबरचना लक्षात घेतली पाहिजे. मलावीच्या मध्य व दक्षिण भागांतील चेवा, याओ, लोम्वे इत्यादी समाज मातृवंशीय आहेत. उत्तरेकडील तुम्बुका व न्गोनी यांच्यात पितृवंशाचे प्राबल्य आहे. चेवांच्या ‘चिकाम्विनी’ या पारंपरिक पद्धतीत विवाहानंतर पुरुष पत्नीच्या गावी राहावयास येतो. जमिनीचा हक्क स्त्रियांच्या परंपरेने चालतो, आणि मुलांवर आईच्या भावाचा, म्हणजे ‘मालुमे’चा, अधिकार असतो. अशा घरात पिता वारला तर दुःख मोठे असते, परंतु मुलाचे गाव, घर, शेत आणि मालुमे हे सर्व जागच्या जागी राहते.

आई वारली तरी ‘आई’ या शब्दाची जागा सर्वस्वी रिकामी होत नाही. आईच्या बहिणीस चिचेवात आईवाचक शब्दच लावतात. वयाप्रमाणे ‘थोरली’ किंवा ‘धाकटी’ एवढा भेद करतात. स्वाहिलीत ‘मामा म्कुब्वा’ व ‘मामा म्दोगो’ या संज्ञा अशाच आहेत. ‘माय मरो पण मावशी उरो’ असे म्हणणाऱ्या मराठी समाजास ही कल्पना परकी वाटू नये. त्यापलीकडे ‘आगोगो’, म्हणजे आजी-आजोबा, असतात. एड्सच्या साथीत लक्षावधी मुलांचा भार प्रत्यक्षात यांनीच, त्यातही आज्यांनी, वाहिला.

तथापि नात्याच्या परिभाषेवरून नात्याच्या व्यवहाराविषयी घाईने अनुमान काढणे चुकीचे ठरेल. अ‍ॅन केस, क्रिस्टिना पॅक्सन व जोसेफ एब्लडिंगर यांनी सहाराच्या दक्षिणेकडील १० देशांतील पाहण्यांच्या आधारे २००४ साली असे दाखवून दिले, की मातृपितृहीन मुलांची शाळेतील उपस्थिती ही घरातील कर्त्या व्यक्तीशी त्यांचे नाते किती निकटचे आहे यावर फार अवलंबून असते. नाते जितके दूरचे, तितकी शाळा दुरावण्याची शक्यता अधिक. आणि केवळ घराच्या दारिद्र्याने या गोष्टीचा उलगडा होत नाही. सारांश, ‘आई’ म्हणून हाक मारता येणे हा आधाराचा आरंभ होय. त्याची हमी नव्हे.

४. गणना एका अर्थाने, बांधणी दुसऱ्या अर्थाने

एड्सच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी गणनेसाठी जी व्याख्या रूढ केली, तीनुसार आई वा वडील किंवा दोघेही मृत झालेले मूल ‘ऑर्फन’ ठरते. प्रारंभी वयोमर्यादा १५ वर्षांखालील होती. पुढे ती १८ पर्यंत वाढविण्यात आली. रोगाने किती घरांवर घाला घातला हे मोजण्यासाठी ही व्याख्या उपयुक्त होती. परंतु तिचा आशय पाहिला तर तो ‘मासिये’चा आहे, ‘अनाथ’चा नव्हे. युनिसेफच्या अंदाजानुसार २०१५ साली जगात अशी सुमारे १४ कोटी मुले होती. त्यांपैकी दोन्ही पालक गमावलेली १ कोटी ५१ लाख. म्हणजे दर दहांपैकी जवळजवळ नऊ मुलांची आई किंवा वडील हयात होते.

देणगीदार मात्र १४ कोटी हा आकडा ऐकतो आणि ‘अनाथ’ या अर्थाने समजतो. त्याच्या डोळ्यांपुढे ज्याला जगात कोणी नाही असे मूल येते, आणि अशा मुलास जे हवे ते, म्हणजे घर, तो बांधून देतो. न्यायशास्त्रात एका अर्थाने योजलेला शब्द दुसऱ्या अर्थाने घेऊन केलेल्या खंडनास ‘वाक्छल’ म्हणतात. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला की नऊ घोंगड्या असलेला, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. येथे छल करण्याचा कोणाचाही हेतू नाही. उलट हेतू कल्याणाचाच आहे. परंतु दोष त्याच जातीचा आहे : गणना एका अर्थाने झाली आणि बांधणी दुसऱ्या अर्थाने.

या दोषाचे फळ वास्तू पुरी झाल्यावर दिसू लागते. घरात बिछाने आहेत, दोन वेळचे अन्न आहे, शाळेचा गणवेश आहे. शेजारच्या झोपडीत नातवंडे सांभाळणाऱ्या आगोगोकडे यांपैकी काही नाही. अशा स्थितीत तिने एक नातवंड तेथे नेऊन सोडले, तर त्यात निर्दयता नसून हिशेब आहे. मात्र ज्या मुलाला त्या दिवसापर्यंत नाथ होता, ते त्या दिवसापासून अनाथालयातील मूल होते. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या २००९ मधील अहवालानुसार जगभरातील अशा संस्थांमधील पाचांपैकी किमान चार मुलांची आई वा वडील हयात असतात. अनाथालय अनाथांसाठी बांधले जाते. परंतु एकदा बांधले की ते आपले रहिवासी काही अंशी स्वतःच निर्माण करते.

५. संस्थेतील वाढ : भाषेचा पुरावा

संस्थेत वाढण्याने मुलाचे काय होते, याविषयी भाषाभ्यासकांस विशेष बोलका वाटेल असा पुरावा रुमानियातून मिळाला. बुखारेस्ट येथे २००० नंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना यांनी संस्थांमधील १३६ बालकांवर एक अभ्यास केला. चिठ्ठी पद्धतीने निम्मी मुले पालककुटुंबांकडे देण्यात आली. वयाच्या सुमारे १५ महिन्यांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांची भाषा पुढे समवयस्कांच्या बरोबरीस आली. दोन वर्षांनंतर गेलेल्यांची मात्र संस्थेतील मुलांइतकीच मागे राहिली. आळीपाळीने येणारी सेविका अनेक मुलांना भरवू शकते, न्हाऊ घालू शकते. परंतु एकेका मुलाच्या बोबड्या उद्गारास दिवसभर उत्तर देत राहणे तिला शक्य नसते.

याच्या विरुद्ध बाजूचाही निर्देश करणे अगत्याचे आहे. कॅथरीन व्हेटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबोडिया, इथिओपिया, भारत, केनिया व टांझानिया या पाच देशांतील ६ ते १२ वर्षांच्या मुलांची तुलना करून २००९ साली असे प्रतिपादिले, की संस्थांतील मुलांचे आरोग्य व बौद्धिक स्थिती ही गावात नातलगांकडे राहणाऱ्या मुलांपेक्षा वाईट नव्हती. हे दोन निष्कर्ष परस्परांस छेद देत नाहीत. पहिला अभ्यास तान्ह्या मुलांचा आहे, दुसरा शाळकरी मुलांचा. पहिल्यात तुलना निवडक, साहाय्य मिळणाऱ्या कुटुंबांशी आहे, दुसऱ्यात साहाय्यावाचून झगडणाऱ्या कुटुंबांशी. दोहोंचा मेळ घातला असता असे म्हणता येते, की लहान मुलाला कुटुंब हवे आणि कुटुंबाला आधार हवा. आधाराविना सोडलेले कुटुंब व बरी चाललेली संस्था यांत निवड करणे भाग पडावे, ही स्थितीच मुळात सदोष आहे.

६. मलावी व रुआंडा यांचा मार्ग

मलावी शासनाने हे पुष्कळ लवकर ओळखले. १९९१ साली तेथे मातृपितृहीन मुलांसाठी राष्ट्रीय कार्यगट नेमण्यात आला, व १९९२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत क्रम ठरविण्यात आला : प्रथम नातलग व गाव, नंतर पालककुटुंब, आणि संस्था सर्वांत शेवटी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही केवळ दारिद्र्याच्या कारणावरून मुलाला कुटुंबापासून दूर करू नये, असे म्हटले आहे.

तत्त्वास साधनाची जोड २००६ पासून मिळाली. म्चिंजी जिल्ह्यात त्या वर्षी अतिदरिद्री व कमावत्या हातांची वाण असलेल्या कुटुंबांस रोख साहाय्य देण्याची योजना सुरू झाली. तिचे चिचेवा नाव ‘म्तुकुला पाखोमो’, म्हणजे घर उचलून धरणारा. खेड्यांतून लहान मुलांची दिवसाची केंद्रेही चालतात. बालशाळेस लोक ‘म्कोम्बाफाला’ म्हणतात. ‘फाला’ म्हणजे पेज. तिथे पेज बोटाने निपटून खाणाऱ्यांचा मेळा जमतो. मूल दिवसा तेथे खाते, शिकते आणि रात्री घरी परतते. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत एड्सवरील औषधे मोफत मिळू लागली आणि २०११ पासून ती प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म देण्याचे धोरण आले. आई जगविणे हा मूल मासिये होऊ न देण्याचा सर्वांत सरळ उपाय होय.

रुआंडाने २०१२ साली संस्था क्रमाक्रमाने बंद करण्याचे धोरण स्वीकारले. त्यातून निघालेल्या कार्यक्रमाचे किन्यारुआंडा नाव ‘तुबारेरेरे मु मुर्यांगो’ असे आहे : ‘त्यांना आपण कुटुंबात वाढवू या’. त्यातील पहिल्याच क्रियापदात कर्ता ‘आपण’ व कर्म ‘त्यांना’ ही दोन्ही गुंफलेली आहेत. जबाबदारी कोणाची, हे व्याकरणानेच सांगितले आहे.

७. उपसंहार

पाटीवरील ‘योसुंगिरा’ या पदात ‘कुसुंगा’ हा धातू आहे. त्याचा अर्थ सांभाळणे. मराठीप्रमाणेच पैसाही सांभाळता येतो आणि मूलही. मूल वाढविण्यासाठी चिचेवात दुसरा धातू आहे, ‘कुलेरा’. तो पैशाला किंवा वस्तूला लागत नाही.

ज्या मुलास खरोखर कोणी उरलेले नाही, त्याच्यासाठी छप्पर लागेल आणि ते बांधलेही पाहिजे. परंतु विटा पाडण्यापूर्वी गावात फिरून, प्रत्येक मासिये मुलामागे कोण उभे आहे आणि त्यास कशाची उणीव आहे, हे विचारणे अवश्य आहे. पुष्कळ ठिकाणी उत्तर येईल : आगोगो आहे, पत्रा नाही, मावशी आहे, धान्य नाही, मालुमे आहे, शाळेचा खर्च परवडत नाही. तेव्हा त्याच विटा व तेच पत्रे आगोगोच्या घरावर चढविले, तर मूल मासिये राहील, पण अनाथ होणार नाही.