उतरता काटा

चाकणच्या एखाद्या कारखान्यात व्हर्नियर हातात घ्या, कॉम्प्रेसरवरचा प्रेशर गेज पाहा, नाहीतर स्टोअरमधला वजनकाटा. प्रत्येकावर एक छोटेसे स्टिकर दिसेल. त्यावर दोन तारखा असतात: कॅलिब्रेशन कधी झाले आणि पुढचे कधी ‘ड्यू’ आहे. ऑडिटर आला की त्याची नजर आधी दुसऱ्या तारखेवर जाते. ती उलटलेली निघाली तर क्वालिटीच्या साहेबांना घाम फुटतो.

हे स्टिकर लावणारा माणूस बहुधा त्या कारखान्याचा नसतो. तो भोसरी, चिंचवड नाहीतर हडपसरच्या एखाद्या कॅलिब्रेशन लॅबचा. आज चाकण, उद्या रांजणगाव, परवा कुरकुंभ, मध्येच महाड किंवा लोटे. वय पंचविशी-तिशीच्या आगेमागे, शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा किंवा आयटीआय. अशाच एका टेक्निशियनबरोबर त्याच्या ऑनसाइट कामाला मी चाकणला गेलो. पगार नेमका कशाचा मिळतो आणि काम नेमके कशाचे असते, हे मला शेजारी उभे राहून पाहायचे होते.

कामाची सुरुवात गेटवर होते. पेटीतल्या प्रत्येक ‘मास्टर’चा, म्हणजे ज्याच्याशी ताडून पाहायचे त्या प्रमाण उपकरणाचा, अनुक्रमांक सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये चढवायचा, रिटर्नेबल गेटपास बनवून घ्यायचा, लॅपटॉप आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायची. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर संध्याकाळी तीच पेटी बाहेर काढता येत नाही. “मामा, जरा लवकर घ्या ना,” असे म्हणण्यापलीकडे हातात काही नसते. पेटीत डिजिटल मास्टर गेज, हातपंप, स्लिप गेजचा डबा, प्रमाणित वजने, तापमानासाठी ड्राय ब्लॉक. हा ऐवज लाखांच्या घरात जातो आणि तो हलवायचा, राखायचा, धक्का लागू द्यायचा नाही, ही जबाबदारी या एकट्या मुलाची.

एवढी पेटी वाहून नेण्यापेक्षा कारखान्याची उपकरणेच लॅबमध्ये का मागवत नाहीत? काही मागवतातही, मायक्रोमीटर, प्लग गेज जातात. पण भट्टी जात नाही, ऑटोक्लेव्ह जात नाही, आणि वजनकाटा गेला तरी उपयोग नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याला जाणवते ते त्यावर पडणारे बल, आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसते. दिल्लीत नीट जुळवलेला काटा तसाच पुण्यात आणून ठेवला, तर एक किलोचे वजन तो अर्ध्या ग्रॅमहून अधिक कमी दाखवेल. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच तपासावा लागतो, आणि म्हणून माणसाला फिरावे लागते. कॅलिब्रेशन म्हणजे वैध मापन शास्त्र विभागाचे मुद्रांकन नव्हे, हेही इथेच सांगितलेले बरे. मुद्रांकन कायद्यासाठी, व्यापारातल्या काट्यांचे. कॅलिब्रेशन हे उपकरण खऱ्या मापापासून किती चुकते, ते आकड्यात सांगते.

प्रत्यक्ष काम पाहायचे तर साध्या प्रेशर गेजचेच पाहावे. आत एक वाकवलेली, एका टोकाला बंद केलेली पितळी नळी. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. युजेन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने १८४९ साली पेटंट घेतलेली ही रचना आजही मूळ तत्त्वात तीच आहे. समोरचा गेज शून्य ते १० बारचा, अचूकतेचा वर्ग १.६. म्हणजे पूर्ण पट्ट्याच्या १.६ टक्के, ०.१६ बारपर्यंतची चूक माफ. टेक्निशियनने गेज आणि मास्टर एकाच हातपंपाला जोडले, एकदा पूर्ण दाब देऊन सोडला आणि मग पायरीपायरीने चढायला लागला. दोन बार, चार, सहा. प्रत्येक पायरीवर थांबायचे, बोटाने काचेवर हलकेच टिचकी मारायची, डोळा काट्याच्या बरोबर समोर आणायचा आणि मग रीडिंग घ्यायचे. सहा बारला मास्टर ६.०० आणि गेज ६.१. चूक ०.१, मर्यादेच्या आत.

दहा बारला पोचल्यावर काम संपले असे मला वाटले. तो तर तिथून उतरायला लागला. आठ, सहा. उतरताना मास्टर पुन्हा ६.०० दाखवत होता, गेजचा काटा मात्र ६.२ वर थांबला. नळी दमली होती. दाब कमी झाला तरी पूर्ण मागे येत नव्हती. चूक ०.२, गेज मर्यादेबाहेर. चढताना पास झालेला गेज उतरताना नापास झाला. नुसते चढते रीडिंग घेऊन स्टिकर लावले असते, तर हाच गेज वर्षभर ‘ओके’ म्हणून मिरवला असता. उतरते रीडिंग घ्यायला लागतात काही मिनिटे. या धंद्यातले सगळे भांडण त्या मिनिटांचे आहे.

कारण दर ठरतो नगावर. पार्टी कोटेशन मागवते, त्यात गेज इतके नग, व्हर्नियर इतके, थर्मोकपल इतके. दर घासाघीस करून खाली येतो. मग लॅब हिशेब करते की एका माणसाने दिवसाकाठी किती नग उरकले तर परवडते. हा हिशेब कागदावर बसतो, धातूला मात्र तो कळत नाही. ऑटोक्लेव्हचा सेन्सर १२१ अंशांवर तपासायचा तर ड्राय ब्लॉक तापवून, आकडा स्थिर होऊन, सेन्सर आतून पुरता तापेपर्यंत वाट पाहावी लागते. लांबीच्या मोजमापाचे जागतिक प्रमाण तापमान २० अंश. उन्हाळ्यात ३२ अंशांच्या शॉपफ्लोअरवरून आणलेला १०० मिलिमीटरचा मायक्रोमीटर वातानुकूलित खोलीतल्या स्लिप गेजवर लगेच लावला, तर पोलादाच्या प्रसरणानेच १४ मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो. त्या मायक्रोमीटरचे लघुतम माप १० मायक्रॉन. म्हणजे चूक उपकरणाची की घाईची, हेच कळणार नाही. दोन्ही एका तापमानाला येईपर्यंत स्वस्थ बसणे हा कामाचाच भाग आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो माणूस रिकामा बसलेला दिसतो.

त्याच्या मास्टरचेही कॅलिब्रेशन होते, वरच्या दर्जाच्या लॅबमध्ये. त्या लॅबच्या मास्टरचे आणखी वर. ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत, म्हणजे एनपीएलपर्यंत जाते, आणि तिथून आंतरराष्ट्रीय एककांपर्यंत. लॅबला मान्यता देणारे एनएबीएल ‘आयएसओ/आयईसी १७०२५’ या मानकाची २०१७ची आवृत्ती लावते. लॅबने आपल्या जागेत काय करायचे आणि पार्टीच्या जागेवर जाऊन काय करायचे, याची व्याप्ती ते वेगवेगळी नोंदवते. सर्टिफिकेटवर नुसती चूक छापून भागत नाही. त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, ती अनिश्चितताही छापावी लागते, सहसा ९५ टक्क्यांच्या विश्वासपातळीवर. साखळीची वरची टोके थंड खोल्यांत, जाड भिंतींआड असतात. शेवटची कडी कॉम्प्रेसरच्या धडधडाटात उकिडवी बसलेली असते.

नापास गेजची बातमी क्वालिटीच्या साहेबांना दिली तेव्हा ते म्हणाले, “अहो, जरा बसवून द्या ना. एवढ्याशासाठी फेल कशाला?” त्यांचेही खोटे नव्हते. ‘आयएसओ ९००१’ प्रमाणे उपकरण चुकीचे निघाले, तर त्याने आधी घेतलेल्या मापांवर काही परिणाम झाला का, हे कारखान्याला तपासावे लागते. म्हणजे मागच्या तारखेपासूनचा माल, नोंदी, ग्राहकाला द्यायची उत्तरे. एका ‘फेल’मागे एवढा व्याप. त्यामुळे ‘फेल’ कोणालाच नको असतो आणि तो लिहिण्याचे धैर्य सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाकडून अपेक्षित असते. हा टेक्निशियन शांतपणे म्हणाला, “सर, मिळालं ते रीडिंग आधी लिहितो. मग तुम्ही गेज बदला किंवा दुरुस्त करा, त्याचं वेगळं रीडिंग घेऊ.” हीच योग्य रीत. पण पुढच्या वर्षी त्या पार्टीने लॅब बदलली तर ऑफिसात पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाईल, हे त्यालाही ठाऊक होते.

आता पगार. चाकण-भोसरी पट्ट्यात नवख्या डिप्लोमावाल्याला हातात १५ ते १८ हजार, चार-पाच वर्षे मुरलेल्याला २५-३० हजार, असे आकडे ही मुले सांगतात. त्यावर बाहेरगावचा भत्ता, बाइक असेल तर किलोमीटरमागे पेट्रोल, लॉजच्या बिलाला ठरलेली मर्यादा. लॉज मर्यादेत बसला नाही तर वरचे पैसे खिशातून. पहाटे पाचला घर सोडून महाडला नऊला पोचलेल्याची हजेरी नऊपासून लागते. परतीचे चार तासही असेच हवेत जातात. जादा तासाला दुप्पट दर द्यावा, अशी तरतूद कायद्यात आहे. पण जो तास मस्टरवर चढतच नाही, त्याची दुप्पट कशी काढणार? रात्री लॉजवर बसून कच्च्या रीडिंगचा डेटा टाइप करायचा, तोही याच खात्यात.

सणांचे गणितही उलटे. प्रक्रिया उद्योगांतली उपकरणे चालू प्लांटमध्ये काढता येत नाहीत, शटडाउनमध्येच हाती लागतात. कारखान्याला दिवाळीची सुट्टी लागली की यांची ड्युटी लागते. मार्चअखेरची घाई वेगळीच. म्हणून दोन-तीन वर्षे फिरून हात तयार झाला की मुले औषध कंपन्यांच्या इन्स्ट्रुमेंट विभागात, नाहीतर आखातात नोकरी शोधतात. शिकण्याची सोय आहे. मुंबईत चुनाभट्टीला ‘इडेमी’सारखी सरकारी संस्था आहे. पण टिचकी मारून काटा वाचणे, सेन्सर स्थिरावल्याचा अंदाज घेणे, दडपणाखाली ‘फेल’ लिहिणे या गोष्टी साइटवरच येतात. आणि त्या येईपर्यंत शिकवणारा सीनियर बऱ्याचदा नोकरी सोडून गेलेला असतो.

या सगळ्यात खलनायक कोणी नाही. खरेदी विभागाला दर कमी हवा, क्वालिटीला ऑडिट सुखरूप पार पडायला हवे, लॅबमालकाला धंदा टिकवायचा आहे. सगळ्यांचा ताण शेवटी येतो तो उतरत्या रीडिंगच्या त्या मिनिटांवर. तेव्हा कारखान्यातल्या वाचकांना एवढेच सांगणे: पुढच्या वेळी कोटेशन मागवाल तेव्हा नगाच्या दराबरोबर एका नगाला किती वेळ देणार, हेही लेखी विचारा. कॅलिब्रेशनवाला आला की एका तरी गेजजवळ उभे राहा आणि काटा उतरताना पाहा. सर्टिफिकेटवर सगळ्याच नगांची चूक शून्य छापून आली तर खूश होऊ नका, शंका घ्या. आणि लॅबमालकांना सांगणे असे, की प्रवासाचे तास मस्टरवर आणा. खरे माप हवे असेल तर ते घेणाऱ्याच्या वेळेचे पैसे मोजावेच लागतील. ते वाचवून जे मिळते, ते फक्त स्टिकर.