पराभवानंतरची बेगमी

मे महिना आपल्याकडे बेगमीचा. अंगणात आमसुलं वाळत पडलेली, फणसाची साठं उन्हात, सुक्या मासळीचे डबे भरायचे, लाकडं पडवीत रचायची. पाऊस लागण्याआधी घरात काय आहे, काय संपलंय, काय आणायलाच हवं, हा हिशेब जिला नीट जमतो तिला आषाढात शेजारी वाटी घेऊन जावं लागत नाही. नदीपलीकडे गोव्यात एक कुटुंब असं आहे की त्यालाही नेमका याच दिवसांत हाच हिशेब मांडावा लागतो. ते कुटुंब म्हणजे एफसी गोवा. होय, फुटबॉलचा संघ!

मैत्रिणींनो, पान उलटू नका. आपल्या पुरवणीत फुटबॉल कशाला, असं वाटेल. पण आरोंद्यात राहून या संघाकडे पाठ फिरवता येते का सांगा. तेरेखोल नदीवरचा पूल ओलांडला की किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. आपली निम्मीअधिक मुलं सकाळी डबा घेऊन तिकडेच कामाला जातात. येताना पगाराबरोबर नारिंगी टी-शर्टही घेऊन येतात. रात्री साडेसातला, ऐन मालिकेच्या वेळी, रिमोट कुणाच्या हातात असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. संघाचं लाडकं नावही आपल्या ओळखीचं आहे, 'गॉर्स', म्हणजे गवे. गवा आपल्या बागायतीत शिरला की आपण कपाळाला हात लावतो. पलीकडे मात्र तो राज्यप्राणी आहे आणि त्याच्या नावाने हजारो लोक ओरडतात.

तर या गव्यांचं एक दुखणं आहे. जिंकत आलेला सामना ते अगदी शेवटी घालवतात.

२४ एप्रिल २०२४ ची रात्र आठवा. मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना, समोर मुंबई सिटी. बोरिस सिंगने सोळाव्या मिनिटाला गोल केला, कर्णधार ब्रँडन फर्नांडिसने छप्पन्नाव्या. दोन-शून्य. नव्वद मिनिटांचा खेळ, आणि एकोणनव्वद संपेपर्यंत सगळं आलबेल! घरोघरी मुलं नाचायच्या तयारीत. नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या छांगटेने एक गोल केला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने दुसरा. वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून जी मिनिटं देतात, त्यातल्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. तीन-दोन! चहा उतू जायला लागतो तेवढ्या वेळात सामना हातातून गेला. पाच दिवसांनी मुंबईत अंधेरीला परतीचा सामना झाला, तोही मुंबईने दोन-शून्य जिंकला. त्या वर्षी साखळीत गोवा तिसरा होता, ४५ गुण होते, पण करंडकाच्या नावाने रिकामे हात.

हे एकदाच झालं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण २०१५ ची अंतिम लढत, तीही फातोर्डालाच. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोवा दोन-एक पुढे गेला आणि तिथून चेन्नईयिनने दोन गोल करून करंडक नेला. २०१९ ची अंतिम लढत मुंबईत बेंगळुरूशी. जादा वेळेत गोव्याचा अहमद जाहू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, दहा जण उरले आणि एकशे सतराव्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला डोकं लावून राहुल भेकेने सामना संपवला. हा भेके मुंबईचा, आपल्या मराठी आडनावाचा. गंमत बघा, २०२४ मध्ये तोच मुंबई सिटीचा कर्णधार होता आणि २०२५ मध्ये पुन्हा बेंगळुरूच्या संघात. गोवेकरांनी त्याच्या नावाने नारळ-मीठमिरची ओवाळून टाकायला हरकत नाही.

हरल्यावर संघात काय बदल करायचा, यावर नाक्यावर, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात सगळीकडे एकच उत्तर ऐकू येतं. 'मोठो गोल मारणारो आणा!' परदेशातून कुणीतरी उंचापुरा, नावाजलेला आणायचा म्हणजे झालं. मला काही हे पटत नाही. गोल तर होतच होते. दोन-शून्य पुढे असलेल्या संघाला आणखी एक गोल मारणारा हवा होता की दार लावून घेणारा?

आपल्याला हे दशावतारावरून चटकन कळेल. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पाऊस लागेपर्यंत कंपन्या गावोगाव फिरतात आणि पावसात थांबतात. त्याच थांबलेल्या दिवसांत खरी हालचाल चालते. कोण कुठल्या कंपनीतून फुटला, कुणाला कुणी बोलावलं, कोण रुसून घरी बसला. मालकाला राजाचं काम करणारा हवा, खलनायक हवा, स्त्रीपार्टी हवी, संकासुर हवा. पण दोन-दोन राजे घेतले आणि मृदंगवाला बरा मिळाला नाही तर नाटक पहाटेपर्यंत टिकत नाही. रात्री दहाला तोंड रंगवून उभं राहणं सोपं. पहाटे चारला, जेव्हा समोरची म्हातारी माणसंसुद्धा पेंगायला लागलेली असतात, तेव्हा आवाज चढा ठेवणारा गडी कंपनी तारून नेतो. (स्त्रीपार्टी पुरुषच करतात, ते जाऊ दे. त्यावर पुन्हा कधीतरी.)

फुटबॉलमध्येही पहाटेचे चार वाजतात. ऐंशीव्या मिनिटानंतर पाय जड होतात, डोकं चालेनासं होतं. म्हणून एका सामन्यात पाच खेळाडू बदलायची मुभा असते. अकरा जण मैदानात, बाकीचे बाकावर. पण बाकावर बसलेला गडी मैदानातल्याच्या तोडीचा नसेल तर बदलून उपयोग काय? आणि इथेच नियम आडवा येतो. २०२४ च्या त्या मोसमात संघात परदेशी खेळाडू जास्तीत जास्त सहा ठेवता येत आणि त्यातले एका वेळी चारच मैदानात. म्हणजे अकरातले सात तरी भारतीय हवेतच. परदेशी पाहुणे किती का चांगले असेनात, घर चालतं ते या सात जणांवर. शिवाय संघाने पगारावर किती खर्च करायचा त्यालाही मर्यादा. एका मोठ्या नावावर पैसा ओतला की बाकावरच्या मुलांसाठी हात आखडता घ्यावा लागतो. हे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता २०२४ च्या त्या मे महिन्यात गोव्याच्या हिशेबात काय आलं ते बघू. आपल्याकडे भारतीय खेळाडूंचे करार साधारण ३१ मेला संपतात. त्या तारखेच्या आधी ज्याला फोन येतो तो राहिला, ज्याला येत नाही त्याने सामान बांधायचं. टीव्हीवर आपण फक्त नवीन आलेल्याच्या गळ्यात घातलेली शाल बघतो. पण त्याच दिवसांत कुणाच्या तरी आईने 'येईल हो फोन' म्हणत महिना काढलेला असतो. तिच्या मुलाचं नाव 'धन्यवाद आणि शुभेच्छा' अशा दोन ओळींत संपतं.

पहिला घाव तर मोठाच बसला. कर्णधार ब्रँडन, गोव्याचाच मुलगा, २०१७ पासून या संघात, तो गेला. आणि गेला कुठे? ज्यांनी फातोर्डावर रडवलं त्या मुंबई सिटीकडे! मोरोक्कोचा नोआ सादाउई, ज्याच्या पायांतून या संघाचे गोल निघत, तो केरळला गेला. म्हणजे मुळात दार लावायला माणूस शोधायचा होता आणि तेवढ्यात ओसरीचा खांबच निघाला. गोल करणारी माणसं शोधणं भागच पडलं. अल्बानियाचा आर्मांडो सादिकू मोहन बागानकडून आला. २०१६ च्या युरो स्पर्धेत आपल्या देशाचा पहिला गोल करणारा हा माणूस. स्पेनचा इकेर ग्वारोचेना मुंबईला राहून परत आला, माहेरपणाला आल्यासारखा. सर्बियाचा देयान द्राझिच आला. बोर्हा हेरेराला कायम करून घेतलं. बचावात डाव्या बाजूला पुण्याचा जय गुप्ता होता, त्याच्या जोडीला चेन्नईयिनचा आकाश संगवान घेतला. एका जागेला दोन माणसं, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं, पण त्याची बातमी चार ओळींची.

प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्यावर त्याच जुलैत भारतीय संघाचीही जबाबदारी आली. एका माणसाने दोन घरं सांभाळायची. तरी गोव्याचा संसार त्यांनी नेटका केला. २०२४-२५ च्या साखळीत गोवा ४८ गुणांनी दुसरा आला. आणि ब्रँडन गेल्यावर रिकामी वाटणारी जागा कुणी भरली? बाहेरच्या कुणी नव्हे. गोव्याच्याच ब्रिसन फर्नांडिसने. संघाच्या लहान मुलांच्या गटातून वर आलेला हा पोरगा त्या मोसमातला सर्वोत्तम उगवता खेळाडू ठरला. परसातलं झाड फळ देतंय आणि आपण बाजारात पिशवी घेऊन फिरतोय, असं कधी कधी होतंच की.

एवढं सगळं करूनही ६ एप्रिल २०२५ उजाडलाच. पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा फातोर्डा, समोर बेंगळुरू. पहिल्या सामन्यात दोन गोलांची पिछाडी होती. एकोणपन्नासाव्या मिनिटाला बोर्हाने एक फेडला, अठ्ठ्याऐंशीव्याला सादिकूने दुसरा. हिशेब बरोबरीत आला, आता जादा वेळ खेळायचा. आणि ब्याण्णवाव्या मिनिटाला सुनील छेत्रीने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. वय वर्षं चाळीस! सामना सुरू झाला तेव्हा तो बाकावर बसलेला होता, नंतर मैदानात आला. मला या एका गोलात सगळं उत्तर दिसतं. बेंगळुरूने बाकावर छेत्री ठेवला होता. दमलेल्या पायांच्या समोर ताजे पाय आणि वीस वर्षांचा अनुभव. तुमच्या बाकावर कोण बसलंय, यावर तुमची शेवटची पाच मिनिटं अवलंबून असतात.

इथे आपल्या मुलींबद्दल एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. मुलांच्या संघात कोण कमी, कोण जास्त यावर आपण रात्री वाद घालतो. मुलींच्या बाबतीत प्रश्न त्याच्या कितीतरी अलीकडचा आहे. मुलींची इंडियन विमेन्स लीग २०१७ मध्ये सुरू झाली. २०१९-२० ला कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे असे महाराष्ट्राचे दोन संघ त्यात होते. २०२४-२५ ला वरच्या गटात देशभरातले आठ संघ खेळले. त्यात महाराष्ट्राचा एकही नाही, फुटबॉलवेड्या गोव्याचाही एकही नाही. आणि भारताच्या मुलींनी जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात दोन-एक हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. म्हणजे वरती दिवा लागला तेव्हा आपल्या पट्ट्यात वायरच ओढलेली नव्हती. आपल्या भागातल्या एखाद्या चपळ मुलीने शाळेच्या मैदानावर पाच पोरांना चकवलं, तरी बाकावर बसायलासुद्धा २०२४-२५ ला तिला जवळपास वरच्या गटातला संघ नव्हता. पुलापलीकडच्या क्लबांना कुणी मागण्यांची यादी देणार असेल तर ही ओळ वर लिहावी, एवढंच माझं म्हणणं.

गव्यांचं पुढे काय झालं? छेत्रीच्या त्या गोलाला महिना व्हायच्या आत, ३ मे २०२५ ला, भुवनेश्वरला त्यांनी जमशेदपूरला तीन-शून्य हरवून सुपर कप जिंकला. बोर्हाचे दोन, द्राझिचचा एक. त्यामुळे आशियातल्या मोठ्या स्पर्धेची दारं उघडली. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला फातोर्डावर हरवून ते मुख्य फेरीत गेले आणि २२ ऑक्टोबरला सौदीचा अल नस्र मडगावात उतरला. रोनाल्डो काही आला नाही, पोरांचा हिरमोड झाला. सामना दोन-एक असा हरले, पण गोव्याचा तो एक गोल आपल्या ब्रिसनचा.

मधल्या पावसाळ्यात पुन्हा आवराआवर झालीच होती. जय गुप्ता ईस्ट बंगालला गेला, जमशेदपूरचा हाविएर सिवेरियो इकडे आला. ७ डिसेंबर २०२५ ला पुन्हा सुपर कपची अंतिम लढत, फातोर्डालाच, समोर ईस्ट बंगाल. नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. जादा वेळेची तीस झाली, तरी नाही. एकशे वीस मिनिटं दार बंद ठेवलं, आणि मग पेनल्टीवर सहा-पाच असं जिंकून करंडक घरातच ठेवला.