फुकट आहे, बेवारस नाही

मंडळाच्या मिरवणुकीचा चार मिनिटांचा व्हिडिओ कुणीतरी रात्र जागून जोडलेला असतो. मागे छानसं संगीत वाजत असतं. ‘कुठलं रे हे?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘नेटवरचं. फुकट आहे.’

फुकट असेलही. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये आपले पहिले परवाने जाहीर केले. तेव्हापासून अनेक संगीतकार या परवान्यांखाली आपल्या रचना सगळ्यांना वापरायला देत आले आहेत. परवानगी आधीच दिलेली असते, आपण फक्त अटी वाचायच्या असतात. घोळ होतो तो तिथेच.

गैरसमज: मोकळा परवाना म्हणजे त्यावर कोणाचा हक्कच नाही.

वस्तुस्थिती: कॉपीराइट संगीतकाराकडेच राहतो. अमेरिकन संगीतकार केव्हिन मॅक्लाउड यांच्या रचना असंख्य व्हिडिओंत वाजतात. त्यांचं नाव दिलं तर पैसे लागत नाहीत. नाव द्यायचं नसेल तर ते पैसे घेऊन वेगळा परवाना देतात. म्हणजे श्रेय हीच त्या संगीताची किंमत. हक्क खरोखरच सोडून दिलेला असतो तो ‘सीसी झिरो’ या खुणेखाली. तिथे श्रेयाची सक्ती नाही, दिलं तर चांगलंच.

गैरसमज: ‘संगीत: इंटरनेटवरून साभार’ एवढं पुरे.

वस्तुस्थिती: इंटरनेटने आजवर एकही चाल बांधलेली नाही. श्रेयात रचनेचं नाव, संगीतकार, ती जिथून घेतली ते ठिकाण आणि परवाना या चार गोष्टी हव्यात. काही बदल केला असेल तर तोही सांगायचा. उदाहरणार्थ: ‘संगीत: “केअरफ्री”, केव्हिन मॅक्लाउड, इन्कॉम्पेटेक डॉट कॉम. परवाना: क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.०. सुरुवातीचा भाग कापला आहे.’ व्हिडिओखालच्या वर्णनात मूळ पानाचा आणि परवान्याचा दुवाही द्यावा. श्रेय चुकलं तर परवाना आपोआप संपतो. ४.० आवृत्तीत मात्र चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर तो पुन्हा लागू होतो.

गैरसमज: सीसी लिहिलंय ना, मग सगळे परवाने सारखेच.

वस्तुस्थिती: परवाने सहा आहेत आणि पुढची अक्षरं महत्त्वाची. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ही अट सहाही परवान्यांत आहे. ‘एनसी’ म्हणजे कमाईसाठी वापर नको. प्रायोजकाची जाहिरात असलेल्या व्हिडिओसाठी अशी रचना न घेतलेलीच बरी. ‘एसए’ म्हणजे ती वापरून केलेली नवी कृतीही त्याच परवान्याखाली द्या. सगळ्यात फसवं अक्षर ‘एनडी’, म्हणजे बदल नको. ‘मी तर काहीच कापलं नाही’ असं आपण म्हणतो; पण चित्राच्या तालावर संगीत बसवणं हाच या परवान्यांच्या लेखी बदल आहे. त्यामुळे एनडी संगीत पूर्ण वाजवलं तरी असा व्हिडिओ प्रकाशित करता येत नाही.

गैरसमज: तीस सेकंदांपर्यंत काहीही चालतं.

वस्तुस्थिती: भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट नाही. कलम ५२ मधले अपवाद वापराच्या हेतूवर आणि स्वरूपावर ठरतात, घड्याळावर नाही.

गैरसमज: अभंग जुना, म्हणून गाणंही मोकळं.

वस्तुस्थिती: तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क मात्र वेगवेगळे असतात. चालीचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी लता मंगेशकरांसाठी बांधलेल्या अभंगांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. अभंग हवाच असेल तर स्वतः नवी चाल लावून गा. त्याला कोणाची हरकत नाही.

गैरसमज: श्रेय दिलं की यूट्यूबवर दावा येणारच नाही.

वस्तुस्थिती: येऊ शकतो. तिथली यंत्रणा आवाज जुळवून पाहते, तुमचं वर्णन वाचत नाही. तीच रचना दुसऱ्या कोणी आपल्या गाण्यात वापरून नोंदवली असेल तर तुमच्या व्हिडिओवर दावा येतो. अशा वेळी आक्षेप नोंदवता येतो, पण हातात पुरावा हवा. म्हणून संगीत उतरवून घेतानाच परवान्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवावा. संगीतकाराने पुढे ती रचना काढून घेतली तरी अटी पाळणाऱ्याला मिळालेली परवानगी कायम राहते.

अकरा रुपये वर्गणी देणाऱ्याचंही नाव मंडळ फलकावर लिहितं. ज्याने चार मिनिटांचं संगीत दिलं, त्याची ओळ त्याच यादीत शोभेल.