दुबळ्या बंधांची पारख



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने स्फटिकांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आम्हाला नेहमी पडणारा एक प्रश्न रसायनशास्त्रालाही पडला होता: जो एकेकटा दुबळा आहे, त्याला हिशेबात धरावे की नाही? शास्त्रज्ञांनी हा वाद कसा सोडविला, ते पाहण्याजोगे आहे.

प्रथम हायड्रोजन बंध म्हणजे काय? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. त्यामुळे हायड्रोजनवर थोडा धन भार उरतो आणि तो शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे आकर्षिला जातो. हाच हायड्रोजन बंध. रेणूच्या आतील बंध तोडण्यास मोलमागे शंभराच्या आसपास किलोकॅलरी लागतात. हा सुमारे ५ किलोकॅलरीत तुटतो. कार्बनला जोडलेल्या हायड्रोजनची गोष्ट आणखी वेगळी. तेथे इलेक्ट्रॉनांची वाटणी जवळजवळ सारखी, म्हणून भार अल्प आणि बंध बहुधा अर्ध्या ते दोन किलोकॅलरींचा. याला बंध म्हणावे, की दोन अणू दाटीवाटीत जवळ आले एवढेच?

१९६२ साली लंडनच्या बर्कबेक कॉलेजातील जून सटर या विदुषीने उत्तर दिले की, हे बंधच आहेत. चहा-कॉफीतील कॅफीनच्या स्फटिकाची रचना त्यांनी १९५८ सालीच प्रसिद्ध केली होती. अशा अनेक रचनांत कार्बनवरील हायड्रोजन ऑक्सिजनच्या अपेक्षेहून जवळ आहे, हे त्यांनी दाखविले. परंतु १९६८ साली जेरी डोनोह्यू या अमेरिकन पंडितांनी हा बंध साफ नाकारला. त्यांच्या नावाचा दबदबा मोठा. पुष्कळांनी विषय मिटला असे मानले.

मग पारख करावी कशी? पहिली कसोटी अंतराची. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे अँगस्ट्रॉम. नुसते टेकलेले हायड्रोजन व ऑक्सिजन सुमारे २.७ अँगस्ट्रॉमवर असतात. अंतर याहून कमी भरले तर संशयास जागा आहे. पण ही रेघ म्हणजे कुंपण नव्हे. विद्युत् आकर्षण तिच्यापलीकडेही पोचते.

दुसरी कसोटी मापाच्या खरेपणाची. क्ष-किरणांना अणू दिसत नाही, इलेक्ट्रॉन दिसतात. हायड्रोजनजवळ एकच इलेक्ट्रॉन, आणि तोही कार्बनच्या बाजूला झुकलेला. त्यामुळे हायड्रोजन खऱ्या जागेपेक्षा सुमारे ०.१ अँगस्ट्रॉम आत भासतो. न्यूट्रॉनांचा झोत मात्र अणुकेंद्रावरून परततो, म्हणून त्याची साक्ष अधिक भरवशाची. ती नसेल तेव्हा हायड्रोजन त्याच रेषेत सरकवून कार्बनपासून १.०८ अँगस्ट्रॉमवर ठेवतात आणि मगच ऑक्सिजनपर्यंतचे अंतर मोजतात.

तिसरी कसोटी दिशेची. निव्वळ दाटीला दिशा नसते, बंधाला असते. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन जितके एका रेषेत, म्हणजे कोन १८० अंशांकडे जितका झुकलेला, तितका पुरावा बळकट. कोन ९० अंशांच्या आसपास असेल तर सावध राहावे.

तरीही एका स्फटिकावरून निकाल देता येत नाही. एखादी जवळीक योगायोगाची असू शकते. म्हणून चौथी कसोटी मोजदादीची. केंब्रिज येथे ऑल्गा केनर्ड यांनी स्फटिकरचनांचा मोठा संग्रह उभारला होता. १९८२ साली रॉबिन टेलर व केनर्ड यांनी न्यूट्रॉनांनी तपासलेल्या ११३ रचना घेतल्या. कार्बनवरील हायड्रोजन इतर कार्बन वा हायड्रोजनपेक्षा ऑक्सिजनकडेच अधिक कललेला आढळला. वीस वर्षांनी सटरबाईंचे म्हणणे खरे ठरले.

पुढे गौतम देसिराजू यांनी हे बंध स्फटिक घडविण्यात कसे उपयोगी पडतात, हे विस्ताराने मांडले. २०११ साली हायड्रोजन बंधाची आंतरराष्ट्रीय व्याख्या नव्याने झाली, तीत कार्बनलाही स्थान मिळाले. त्या निबंधाचे पहिले लेखक बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे ई. अरुणन्, आणि देसिराजू सहलेखक.

यातून घ्यावयाचे ते इतकेच. दुबळा बंध मोठ्या नावाने नाकारला म्हणून नाहीसा होत नाही, आणि कोणाच्या आग्रहाने सिद्धही होत नाही. नीट माप घ्यावे, दिशा पाहावी आणि अनेकांची साक्ष एकत्र करावी. एकट्या बंधाचा आवाज क्षीण खरा, पण स्फटिकात ते असंख्य असतात आणि रेणूंनी कोठे, कसे बसावे हे ठरविण्यात त्यांचाही वाटा असतो.