फोनो प्रीॲम्पचे कॅपॅसिटर: मी दोन-दोन रुपये वाचवले आणि पाच नग परत आले

मागच्या व्हिडिओत घरी बनवलेला फोनो प्रीॲम्प दाखवला, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय: सर, कॅपॅसिटर कुठले घ्यायचे? उत्तर देण्याआधी माझी फजिती सांगतो.

दोडामार्गला दुकान टाकलं तेव्हा दुरुस्तीसोबत काहीतरी स्वतःचं विकायचं डोक्यात होतं. आपल्याकडे, पलीकडे डिचोली-म्हापशाकडेही, जुन्या घरांत रेकॉर्ड प्लेयर धूळ खात पडलेले असतात. प्लेयर चालतो, पण नव्या ॲम्प्लिफायरला फोनोचा सॉकेटच नसतो. म्हटलं, ही आपली गिऱ्हाइकं. पाच नग बनवले, पाचही विकले. पंधरा दिवसांनी तिलारीकडचे एक काका डबा घेऊन दुकानात. म्हणाले, "रे झिला, डाव्या बाजूचो आवाज वेगळोच येता. बाईचो आवाज जसो काय गोधडीतसून येता."

डबा उघडला. सर्किट बरोबर, सोल्डरिंग बरोबर. कॅपॅसिटर मात्र मी मिक्स पाकिटातले, चपटे सिरॅमिक लावले होते. त्यांवर १०३ आकडा होता, म्हणजे १० नॅनोफॅरड. पुढे झेड अक्षर होतं, ते मी वाचलंच नव्हतं. झेड म्हणजे किंमत २० टक्क्यांनी कमी किंवा ८० टक्क्यांपर्यंत जास्त असू शकते. विकणाऱ्याची चूक नाही, छापलेलं होतं.

आता हे इतकं का बिघडवतं ते बघा. रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त करून कापतात. प्रीॲम्पनं ते उलटं करून सपाट करायचं. यासाठी १९५४ पासून आरआयएए नावाचा एक ठरलेला वक्र आहे, त्याचे तीन काळ आहेत: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. काळ म्हणजे रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर. साडेसात किलोओहम आणि १० नॅनोफॅरड घेतले की बरोबर ७५ येतात. कॅपॅसिटर प्रत्यक्षात १८ नॅनोफॅरड निघाला तर १३५ होतात, आणि वरचे सूर सुमारे ५ डेसिबलनं दबतात. उजवीकडचा ८ निघाला तर तिकडे उलटं. काकांची गोधडी तीच.

पाचही नग परत आणून कॅपॅसिटर बदलले. पेट्रोल आणि माझे दोन रविवार धरले तर त्या पाच नगांत मी काहीच कमावलं नाही. वाचवले होते नगामागे जेमतेम दहा रुपये.

म्हणून आता माझी रीत अशी. आरआयएएच्या जागी फिल्मचे कॅपॅसिटर, शक्यतो पॉलिप्रॉपिलीन, अक्षर जे, म्हणजे पाच टक्के. छोट्या किमतीत सीओजी म्हणजेच एनपीओ सिरॅमिकही उत्तम, पण साधे एक्स७आर नकोत. त्यांची किंमत व्होल्टेजप्रमाणे बदलते आणि ठोकलं तर आवाज उचलतात. दहा लागत असतील तर वीस घ्या, कॅपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरवर मोजा, आणि डाव्या-उजव्यासाठी जवळचे आकडे जोडीनं लावा. उरलेले दुसऱ्या कामाला येतात. हा मीटर घ्यायला कंजुषी करू नका, हे तुमचं हत्यार आहे.

आउटपुटला १ मायक्रोफॅरड लावला आणि पुढच्या ॲम्प्लिफायरचा इनपुट ४७ किलोओहम असेल, तर कट साधारण साडेतीन हर्ट्झवर, चालेल. तोच ॲम्प्लिफायर १० किलोओहमचा निघाला तर १६ हर्ट्झ. तेव्हा २.२ लावलेला बरा. इथे साधा पॉलिस्टर फिल्मसुद्धा भागतो. "ऑडिओ ग्रेड" लिहिलेला महागडा माल मी ठेवत नाही, गिऱ्हाइकाला तो ऐकू येईल असं मला वाटत नाही.

इनपुटला उगाच २२० पिकोफॅरड ठोकू नका. केबलचीच कपॅसिटी शंभरेक पिकोफॅरड असते. कार्ट्रिजच्या कागदावर एकूण किती हवी ते दिलेलं असतं, त्यातून केबल वजा करा.

पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक १५ व्होल्टच्या लाइनला २५ किंवा ३५ व्होल्टचे, आणि १०५ डिग्रीचे घ्या. दर १० डिग्री तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, हा ढोबळ नियम. २००० तासांचा १०५ डिग्रीचा माल ४५ डिग्रीत ठेवला तर कागदावर सव्वा लाख तासांच्या वर जातो. ८५ डिग्रीचा बत्तीस हजार. फरकाचे पैसे लावाच.

आणि आपला पाऊस. चार महिने हवा ओली असते, पायांना काळपटपणा येतो आणि सोल्डर धरत नाही. माल झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल टाकून. वर्षभर पडलेले इलेक्ट्रोलिटिक थेट लावू नका, आधी रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज द्या.

खरेदीसाठी मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जातो, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. एकदम माल उचलण्याआधी दोन-चार नग मोजून बघतो. दुकानदार वैतागतात, वैतागू दे.

काकांचा प्रीॲम्प आता तीन पावसाळे झाले, चालू आहे. परवा ते नाट्यसंगीताच्या ७८ च्या रेकॉर्ड घेऊन आले. त्यांतल्या बऱ्याच आरआयएएच्या आधीच्या, त्यांचा वक्र वेगळा. म्हटलं, काका, ह्याला दुसरा डबा लागतलो. म्हणाले, "कर मगे, पण ह्यावेळी आधी मोज."