घरातला आवाज : लेखांक ५ – ऑनलाइन खेळासाठी हेडसेट आणि माइक

हेडसेट म्हणजे एकाच पट्टीवर बसवलेली दोन वेगळी उपकरणे: ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी माइक. दुकानात पारख होते ती पहिल्याचीच. गिऱ्हाईक हेडफोन कानाला लावते, एखादे गाणे वाजवून पाहते आणि बास आवडला की पैसे मोजते. आपला माइक कसा ऐकू जातो हे त्याला कधीच कळत नाही. ते कळते पलीकडच्या सवंगड्यांना, आणि तेही तक्रार करण्याऐवजी गुपचूप म्यूट करून मोकळे होतात. स्वस्त हेडसेटमध्ये काटकसर बहुधा माइकवर झालेली असते ती यामुळेच. म्हणून निवडीची सुरुवात माइकपासून केलेली बरी.

बोलणे समजायला आवाजाचा कोणता भाग पोचावा लागतो? जुन्या टेलिफोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. स्वर ओळखायला तो पुरतो. पण ‘स’चा जोर मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असतो. बीजीएमआयमध्ये शत्रू कुठे आहे हे पडद्याच्या वरच्या कडेला असलेल्या होकायंत्रावरचे अंश वाचून सांगतात. ‘एकशे साठ’मधला ‘स’ वाटेत गळाला की कानावर ‘एकशे आठ’ येते आणि चौघांच्या तुकडीतले तिघे भलतीकडेच बंदुका रोखतात. गेमच्या माइककडून मुख्य अपेक्षा एवढीच, की व्यंजने शाबूत पोचावीत. आवाज भारदस्त वाटणे ही पुढची चैन.

इंटरनेटची वाहिनी यात सहसा आडवी येत नाही. डिस्कॉर्ड, टीमस्पीक, मंबल या सेवा ओपस नावाचा कोडेक वापरतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या या कोडेकमधून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ शकतो, म्हणजे माणसाला ऐकू येणारा जवळजवळ सगळाच. रेंज गेली की शब्द तुटतात ती गोष्ट वेगळी. तिच्यावर नवा माइक हा इलाज नव्हे. एरवी आवाज बिघडतो तो वाहिनीत शिरण्याआधीच: खोलीत, माइकपाशी किंवा ब्लूटूथच्या दुव्यात.

यांतले सर्वांत कमी लेखले जाणारे कारण म्हणजे तोंड आणि माइक यांमधले अंतर. अंतर दुप्पट झाले की माइकवर पोचणारा थेट आवाज सुमारे ६ डेसिबेलने घटतो. हेडसेटच्या दांडीवरचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून ५ सेंटीमीटरवर असतो, टेबलावर ठेवलेला माइक सहज ४० सेंटीमीटरवर. ५ चे १०, १० चे २०, २० चे ४० असे अंतर तीनदा दुप्पट झाले, म्हणजे १८ डेसिबेलची घट. खोलीतला गोंगाट मात्र दोन्ही जागी जवळपास तेवढाच असतो. बोलणे कमी पडते म्हणून गेन वाढवला की पंख्याची घरघरही तेवढीच वाढते. सॉफ्टवेअरमधली कुठलीही पट्टी कितीही सरकवली तरी हे गणित बदलत नाही.

आपल्याकडच्या घरांत ही बाब फारच महत्त्वाची ठरते. एप्रिल-मेमध्ये पाचवर फिरणारा छताचा पंखा, स्वयंपाकघरातला मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, खिडकीखालचे हॉर्न, आणि वर लादीची फरशी व मोकळ्या भिंती, त्यामुळे घुमणारी खोली. व्हिडिओत दिसणारे टेबलावरचे रंगीत दिव्यांचे कंडेन्सर माइक गालिचे, पडदे आणि फोमच्या लाद्या लावून शांत केलेल्या खोल्यांत शोभतात. तोच माइक अशा खोलीत आणला तर साध्या वायरीच्या हेडसेटपेक्षा वाईट ऐकू जातो. शिवाय कीबोर्ड आपटला की टेबलातून येणारा दणका वेगळाच.

माइकचे प्रकार थोडक्यात पाहू. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्यातून वीज निर्माण होते. कंडेन्सर माइकमध्ये विद्युतभारित पातळ पडदा व त्यामागची पट्टी यांतले अंतर बदलते. या भारासाठी बाहेरून वीज द्यावी लागते. स्टुडिओतल्या माइकना ती ४८ व्होल्टने देतात. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी भार कायम धरून ठेवणाऱ्या पातळ पापुद्र्याचा इलेक्ट्रेट माइक तयार केला आणि लहान, स्वस्त माइकचा मार्ग मोकळा झाला. आजच्या बहुतेक हेडसेटमध्ये हाच इलेक्ट्रेट किंवा सिलिकॉनच्या चिपवर घडवलेला त्याहून छोटा माइक असतो. डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेत नाही, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याची संवेदनशीलता कमी असल्याने त्यात अगदी जवळून बोलावे लागते, आणि फायदा होतो तो मुख्यतः त्या जवळिकीचा.

प्रकारापेक्षा दिशा अधिक उपयोगी पडते. कार्डिऑइड माइक समोरचे सर्वाधिक आणि थेट पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे त्याची पाठ कीबोर्डकडे किंवा टेबलफॅनकडे करून ठेवावी. २००९ मध्ये आलेल्या ब्लू यती या माइकमध्ये चार दिशांचे पर्याय आहेत. चुकून सर्व दिशांचा पर्याय लागला असेल तर सारे घर त्यात उतरते. दुसरी नेहमीची चूक अशी: या माइकमध्ये टोकाकडून बोलायचे नसते, बाजूच्या जाळीसमोर बोलायचे असते. गायकाच्या हातातल्या माइकप्रमाणे त्याचे टोक तोंडाकडे वळवणारे पुष्कळ दिसतात, आणि मग माइक मिळमिळीत निघाला अशी कुरकूर करतात. स्ट्रीमिंग किंवा पॉडकास्ट करायचे असेल तर वेगळ्या माइकचा खर्च सार्थकी लागतो. त्यासोबत हलणारा स्टँड घ्यावा, म्हणजे माइक तोंडापासून वीतभराच्या आत आणता येतो. मित्रांशी बोलत खेळण्यापुरते ऑडिओ इंटरफेस आणि ४८ व्होल्ट हे सगळे प्रकरण अनावश्यक आहे.

दांडीचा माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला हवा. मराठीत ख, घ, थ, फ, भ असे महाप्राण वर्ण पदोपदी येतात आणि त्यांच्यासोबत हवेचा झोत सुटतो. तो सरळ माइकवर आदळला की ‘भप्’ असा ठोका ऐकू जातो. बाजूला सरकवलेली दांडी आणि तिच्यावर फोमची टोपी, एवढ्याने काम भागते. ‘फटाफट भिंतीमागे ये’ हे एक वाक्य रेकॉर्ड करून पाहिले तरी जागा बरोबर आहे की नाही ते समजते. फोनवर खेळणाऱ्यांच्या इअरफोनमध्ये माइक वायरीवर असतो. तो छातीशी लोंबत कॉलरला घासतो आणि खरखर पाठवत राहतो. लहानशा चिमट्याने वायर शर्टाला अडकवली की हा त्रास संपतो.

जोडणीच्या बाबतीत सर्वाधिक फसगत ब्लूटूथने होते. गाणी ऐकताना ब्लूटूथ हेडफोनला दोन्ही कानांचा चांगला आवाज मिळतो. गेममध्ये माइक चालू झाला, की बहुतेक जुन्या आणि मध्यम किमतीच्या जोडण्या फोनकॉलच्या पद्धतीवर उतरतात. सॅम्पलिंग रेट, म्हणजे आवाजाचे दर सेकंदाला किती नमुने घेतले जातात तो आकडा, तिथे ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो, त्यामुळे आवाजाचा वरचा भाग ४ किंवा ८ किलोहर्ट्झपाशी छाटला जातो. त्याहून मोठे नुकसान म्हणजे डावा-उजवा भेद जातो आणि दोन्ही कानांत एकच आवाज येतो. शत्रूची पावले कोणत्या बाजूने वाजली हे ओळखण्यासाठीच हेडफोन घेतलेला असेल, तर सगळेच मुसळ केरात. शिवाय साध्या ब्लूटूथवर आवाज दृश्याच्या मागे पडतो. हा उशीर १०० ते २०० मिलिसेकंद सहज असतो. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत बोलताना-ऐकताना दोन्हीकडे चांगला दर्जा राखता येतो, पण त्यासाठी फोन किंवा संगणक आणि हेडसेट या दोघांतही तिची सोय असावी लागते. बिनवायरीचाच आग्रह असेल तर स्वतःच्या यूएसबी डोंगलसह येणारा २.४ गिगाहर्ट्झचा हेडसेट घ्यावा. त्यात उशीर फार कमी असतो आणि माइक चालू असतानाही डावे-उजवे शाबूत राहते.

वायरीचा मार्ग स्वस्त आणि खात्रीचा. त्यातही खाचा आहेत. ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतील तर तिच्यातून माइकही जातो. दोनच पट्टे असतील तर ती फक्त ऐकण्याची. डेस्कटॉप संगणकावर बहुधा हिरवे सॉकेट हेडफोनसाठी आणि गुलाबी माइकसाठी असते. तिथे एका पिनेच्या दोन करणारी छोटी वायर लागते, नाहीतर हेडफोन वाजतो आणि माइक मुका राहतो. जॅक नसलेल्या फोनसाठी सी-टाइप अडॅप्टर घेताना तो माइक चालवतो का, हे दुकानातच तपासावे. काही स्वस्त अडॅप्टर फक्त आवाज बाहेर काढतात. लॅपटॉप चार्जिंगला असताना माइकमधून सतत गुणगुण जात असेल तर चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष माइकचा नसून वीजजोडणीचा आहे. अर्थिंग नसलेल्या घरांत आणि दोन पिनांच्या चार्जरवर असे वारंवार घडते. यूएसबी हेडसेटमध्ये आवाजाचे आकड्यांत रूपांतर हेडसेटच्याच सर्किटमध्ये होते, त्यामुळे ही कटकट बरीच टळते. संगणकावर खेळणाऱ्याने जॅक आणि यूएसबी यांत निवड करायची तर यूएसबीकडे झुकावे.

आता कानाची बाजू. मागून बंद असलेले हेडफोन बाहेरचा आवाज अडवतात आणि आतला बाहेर जाऊ देत नाहीत. उघड्या बांधणीचे अधिक मोकळे वाजतात, पण त्यांतून निसटलेला आवाज शेजारच्या माइकमध्ये शिरतो आणि सवंगड्यांना स्वतःचेच बोलणे परत ऐकू येते. गोंगाटाच्या घरात बंद बांधणीच बरी. खोक्यावर छापलेले ‘७.१ सराउंड’ पाहून जास्त पैसे मोजू नयेत: अशा बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच स्पीकर असतो आणि दिशांचा आभास सॉफ्टवेअर तयार करते. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये ही सोय आतच असते. तिच्यावर हेडसेटचीही चढवली तर दिशा स्पष्ट होण्याऐवजी कालवल्या जातात. दोहोंपैकी एकच चालू ठेवावी. ५० मिलिमीटरचा स्पीकर ४० च्या स्पीकरपेक्षा चांगला, हाही निव्वळ आकड्यांचा मोह आहे.

गाद्यांकडे मात्र नीट पाहावे. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामाने चिकट होतात आणि कालांतराने त्यांचे काळे पापुद्रे कानाला, मानेला लागू लागतात. कापडी गाद्या हवा खेळती ठेवतात, पण बाहेरचा आवाज तेवढा अडवत नाहीत. सुट्या गाद्या बदलून मिळतात की नाही हे विकत घेण्याआधी विचारावे. चष्मा वापरणाऱ्याने हेडसेट किमान दहा मिनिटे घालून पाहावा. घट्ट पट्टीचा दाब काड्यांवर येतो आणि कानामागे दुखू लागते.

गोंगाट गाळणारे सॉफ्टवेअर अलीकडे फार सुधारले आहे. डिस्कॉर्डमधल्या क्रिस्पसारख्या सोयी पंख्याची एकसुरी घरघर जवळपास पुसून टाकतात. अचानक वाजणारा, बोलण्यात मिसळणारा आवाज त्यांना अवघड जातो, आणि गोंगाट फार असला की बोलणाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. अशी गाळणी एका वेळी एकच असावी. हेडसेटची, ऑपरेटिंग सिस्टिमची आणि अ‍ॅपची अशा तीन एकावर एक लावल्या की शब्दांच्या कडा कापल्या जातात. संगणकावर याहून भरवशाचा उपाय म्हणजे बटण दाबूनच बोलण्याची सोय. बटण सुटले की कुकरही गप्प.

घेतलेल्या माइकची परीक्षा पहिल्याच दिवशी करावी, म्हणजे बदलून घेण्याची मुदत हातात असते. पंखा बंद ठेवून अर्धा मिनिट आणि नेहमीच्या वेगावर लावून अर्धा मिनिट बोलावे, रेकॉर्डिंग दुसऱ्या हेडफोनवर ऐकावे. दुसऱ्या भागात ‘साठ’ आणि ‘आठ’ वेगळे कळले नाहीत तर माइक परत करावा.

राहिला आवाज किती मोठा ठेवावा हा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबेल ही मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबेलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ९० डेसिबेलवर ती आठवड्याला चार तास उरते. ही मर्यादा दिवसाची नसून सबंध आठवड्याची आहे, आणि सुट्टीतल्या एकाच रात्रीच्या खेळात ती संपू शकते.