दोन टोकांच्या मधले घर

होळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मोठी यात्रा भरते. नारळांची होळी पेटते, संदल निघतो. महाराष्ट्रातून आणि शेजारच्या राज्यांतून सर्व धर्मांचे लोक येतात. त्या गर्दीत मनाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाला घेऊन आलेली कुटुंबेही असतात. कोणी मुलाचा हात घट्ट धरून उभा असतो, तर कोणी बहिणीच्या डोक्यावर पाणी घालत असते. सैलानीविषयी लिहिताना बहुधा श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांचाच वाद रंगतो. रुग्णाचा हात धरून उभ्या असलेल्या माणसाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो किती रात्री झोपलेला नाही, त्याने काय विकून इथवर येण्याची सोय केली आणि परत गेल्यावर तो काय करणार आहे, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत.

मनोविकार अनेक असले, तरी कुटुंबाला सर्वाधिक चकवणारा विकार म्हणून द्विध्रुवीय विकाराचा, म्हणजेच ‘बायपोलर डिसऑर्डर’चा उल्लेख करावा लागेल. पूर्वी त्याला उन्माद-नैराश्याचा आजार म्हणत. त्याचा चकवा त्याच्या स्वभावातच आहे. तो येतो, काही आठवडे वा महिने राहतो आणि ओसरतो. अनेकदा तर उपचार न करताही ओसरतो. मग त्या वेळी जे काही चालू असेल, त्याला श्रेय मिळते. अंगारा लावला होता म्हणून गुण आला, जागा बदलली म्हणून गुण आला, असे घर ठामपणे सांगू लागते. हाच चकवा उलट बाजूनेही बसतो. औषध बंद केल्यावर चार महिने काहीच होत नाही, तेव्हा ‘पाहा, गोळ्यांची गरजच नव्हती’ असा निष्कर्ष निघतो. पाचव्या महिन्यात आजार परततो, तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

आजाराची दोन टोके

एखादे घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. पाच-सहा एकर कोरडवाहू शेती, त्यात सोयाबीन आणि कपाशी. घरचा कर्ता तिशीतला आहे. एके दिवशी त्याची झोप कमी होते. रात्री दोनला उठून तो हिशेब मांडतो, पहाटे मित्रांना फोन करतो, तरीही थकत नाही. बोलणे भरभर आणि न संपणारे होते. शेततळे, दुकान, ट्रॅक्टर अशा योजना एकामागून एक येतात. सोयाबीन मिळेल त्या भावात विकून तो नवी मोटारसायकल आणतो. कोणी अडवले की संतापतो, क्वचित हातही उगारतो. ‘गावातले सारे माझ्यावर जळतात’ असे त्याला खरोखरच वाटू लागते. हा उन्माद होय. अशी अवस्था आठवडाभर टिकली, किंवा त्याआधीच रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली, तर डॉक्टर तिला उन्मादाचा झटका मानतात.

काही काळाने तोच माणूस अंथरुणाला खिळतो. पीक उभे असते, पण त्याच्याने बांधापर्यंत जाववत नाही. जेवण नको, बोलणे नको. उन्मादात केलेल्या गोष्टींची शरम आणि अंगावर आलेले कर्ज त्याला पोखरत असते. हे नैराश्य दोन आठवड्यांहून अधिक आणि पुष्कळदा कित्येक महिने टिकते. किंबहुना या आजाराचा बराच मोठा काळ नैराश्याचाच असतो. मात्र उन्माद साऱ्या गावाला दिसतो, नैराश्य फक्त घरालाच दिसते.

हा विकार बहुधा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तथापि रुग्णाच्या मुलांना तो होतोच असे नाही. बहुसंख्य मुलांना तो होत नाही. २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे अर्धा टक्का प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झाल्याचे आढळले. त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के लोक उपचारांपासून दूर होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८६ हजार लोकसंख्या असलेल्या बुलढाणा जिल्ह्याला हेच प्रमाण ढोबळपणे लावले, तर काही हजार घरे या दोन टोकांच्या मध्ये उभी असली पाहिजेत.

ताण कोणावर पडतो?

या घरांचा ताण सर्वांवर सारखा पडत नाही. आई देवदेव करते, वडील खर्चाचे गणित मांडतात. परंतु चोवीस तासांची राखण बहुधा बायकोच्या वाट्याला येते. ‘लग्न केले की ठीक होईल’ या समजुतीने अनेक लग्ने लावली जातात आणि आजार लपवला जातो. लपवण्याचा पहिला परिणाम औषधांवर होतो. नवी सून पाहील म्हणून गोळ्या कपाटाच्या तळाशी जातात आणि हळूहळू बंद पडतात. त्यातच लग्नघरातील जागरणे, दगदग आणि धांदल. या विकारात झोपमोड हीच पुढच्या झटक्याची ठिणगी ठरू शकते. मग झटका आला की बोल सुनेच्या पायगुणाला लागतो.

मुले वेगळ्या रीतीने हे ओझे वाहतात. बाबा आज कोणत्या मूडमध्ये आहेत, हे ती त्यांच्या पावलांच्या आवाजावरून ओळखू लागतात. आपल्याच खोडीमुळे बाबा असे झाले, असेही त्यांना वाटते. ‘बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि त्यावर औषध आहे’ अशी तीन साधी वाक्ये कोणीतरी मोठ्या माणसाने मुलांना सांगितलीच पाहिजेत.

घरातील वातावरणाचा आजारावर परिणाम होतो, हेही संशोधनाने दाखवले आहे. सतत टीका, राग आणि क्षणाक्षणाची पाळत असलेल्या घरांत आजार लवकर उलटतो, असे आढळले. याचा अर्थ घराने आजार निर्माण केला असा मुळीच नाही. दमलेले, न झोपलेले, कर्जात बुडालेले घर चिडणारच. म्हणून घराचा ताण हलका करणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. महिन्यातून चार दिवस बहिणीने, दिराने किंवा शेजाऱ्याने राखण घेतली आणि बायकोला पूर्ण झोप मिळाली, तर त्याचा लाभ रुग्णालाही होतो.

औषध आणि विदर्भाचा उन्हाळा

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरने लिथियम या साध्या क्षाराचा उन्मादावरील उपयोग प्रसिद्ध केला. आज आणखी अनेक औषधे उपलब्ध आहेत, परंतु लिथियमचे स्थान टिकून आहे. झटके रोखण्याबरोबरच ते आत्महत्येचा धोकाही कमी करते. मात्र त्याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. म्हणून रक्तातील प्रमाण ठरावीक काळाने तपासावे लागते. मूत्रपिंड आणि थायरॉईड यांच्याही तपासण्या कराव्या लागतात.

विदर्भातील घरांनी याबाबत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. एप्रिल-मेच्या उन्हात घामावाटे शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. जुलाब-उलट्यांनी हेच होते आणि निर्जळी उपवासांतही तोच धोका असतो. अंगदुखीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढते. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे, उलट्या, गुंगी अशी लक्षणे दिसली, तर विलंब न करता डॉक्टर गाठावा. भरपूर पाणी प्यावे, जेवणातील मीठ एकाएकी कमी-जास्त करू नये आणि उपवास किंवा रोजे यांविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे.

आणखी दोन सूचना. नैराश्याच्या काळात केवळ नैराश्यविरोधी गोळी दिली गेली, तर काही रुग्णांत उन्माद भडकतो. म्हणून पूर्वी कधी उन्माद झाला असल्यास तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. तसेच व्हॅल्प्रोएट हे या विकारातील एक प्रचलित औषध गर्भाला अपाय करू शकते. त्यामुळे तरुण स्त्री रुग्णांनी गर्भधारणेपूर्वीच सल्ला घ्यावा, परस्पर औषध बंद करू नये. बाळंतपणानंतरचे आठवडे हा झटका उलटण्याचा मोठा काळ असतो.

शांत दिवसांतली कामे

या विकाराने कुटुंबाला दिलेली एक सवलत म्हणजे दोन झटक्यांमधला शांत काळ. बांधबंदिस्ती पावसाआधी होते, पाऊस सुरू झाल्यावर नव्हे. परंतु बहुतेक घरे हा काळ विसरण्यात घालवतात. ‘आता बरा आहे ना, मग तो विषय नको’ असे म्हटले जाते. वास्तविक हीच बोलण्याची वेळ असते, कारण रुग्ण स्वतः शहाणपणाने बोलू शकतो.

प्रथम, धोक्याच्या खुणा लिहून काढाव्यात. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. कोणाची झोप तीन तासांवर येते, कोणी एकाएकी खूप फोन करू लागतो, कोणी उधारीवर खरेदी सुरू करतो. यांतील दोन खुणा दिसल्या की डॉक्टरांकडे जायचे, हे रुग्णाच्या संमतीनेच ठरवावे. मग त्या दिवशी ‘तू वेडा झालास’ असे म्हणावे लागत नाही. ‘आपले ठरले आहे’ एवढे पुरते.

दुसरे, पैशाची व्यवस्था. मोठ्या व्यवहाराला दोघांच्या सह्या लागतील असे संयुक्त खाते, जमिनीची कागदपत्रे विश्वासू नातेवाइकाकडे आणि आठवडाभर थांबल्याशिवाय मोठी खरेदी नाही, असा नियम असावा. तिसरे, फवारणीची औषधे घरात न ठेवता कुलूपबंद, दूर ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. या आजारात आत्महत्येचा धोका खरा आहे. मरणाची भाषा कानावर आली, तर ती नाटक समजू नये. माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मागावी. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला. त्यावर मराठीतूनही, रात्री-अपरात्रीही बोलता येते आणि नातेवाइकांनाही सल्ला मिळतो.

चौथे, कायद्याने दिलेली साधने. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार बरी असतानाच व्यक्ती आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवू शकते आणि आपल्या वतीने निर्णयात साहाय्य करणारा प्रतिनिधी नेमू शकते. नवरा-बायको, आई-वडील यांच्यात ऐन संकटात ‘कोणी ठरवायचे’ हा वाद होतो, तो यामुळे टळतो.

साखळी आणि दवा

जे घर एकटे पडते ते शेवटी दोनच मार्ग धरते : बांधून ठेवणे किंवा सोडून देणे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात मरण पावले. आज कायद्याने साखळीने बांधण्यास संपूर्ण मनाई आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा बांधणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे.

सोडून दिलेल्यांचे काय होते, याचे उत्तरही याच जिल्ह्यात सापडते. चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार आणि आरती पालवे यांच्या ‘सेवा संकल्प’मध्ये रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्णांना आसरा मिळतो. कर्जतच्या डॉ. भरत वाटवानी यांना अशाच कामासाठी २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कार्याने एक गोष्ट सिद्ध केली : औषध मिळाले की रस्त्यावरच्या माणसालाही आपले गाव आठवते, आणि पुष्कळ घरे त्याला परत घेतात.

दर्ग्याला जाणाऱ्या घराला हिणवून काही साधत नाही. तिथे कोणी त्याला ‘तुमचे काय चुकले’ असे विचारत नाही, हा दिलासा त्याला इतरत्र क्वचितच मिळतो. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात या शतकाच्या पहिल्या दशकात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. तेथे मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. प्रार्थना चालू राहिली आणि गोळीही सुरू झाली.

नारळ होळीत टाकायचा तर टाकावा. मात्र परतीच्या वाटेवर जिल्हा रुग्णालयाची पायरीही चढावी, आणि गावी पोहोचल्यावर सोबत गेलेल्या माणसाला कोणीतरी म्हणावे, ‘आज रात्री आम्ही बसतो त्याच्याजवळ, तुम्ही झोपा.’ या आजाराशी चाललेल्या लढाईत त्या एका झोपेचे मोल फार मोठे आहे.